वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द करणाऱ्या समन्वयकांस

प्रति,
मा. समन्वयक,
‘भौतिकशास्त्रातील चालू संशोधन’ व्याख्यानमाला

महोदय,


‘वेळेअभावी प्रश्नोत्तरांचा भाग आपण इथेच थांबवत आहोत.’ हे वाक्य तुमचं आहे. तुम्ही ते माईकवर इतक्या सफाईने म्हणता की हात वर केलेल्या मुलांना आपला हात कधी खाली आला तेही कळत नाही. तोवर आभारप्रदर्शनाचा कागद दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो आणि मागच्या दारातून डब्यांचा वास यायला लागलेला असतो. या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. तुमचं नाव, तुमच्या विभागाचं नाव मी लिहीत नाही. ते लिहिलं तर बाकीचे समन्वयक हे पत्र दुसऱ्याचं समजून बाजूला ठेवतील, आणि मला ते त्यांनीही वाचायला हवं आहे.

मी सावनेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. जिथे कुठे नव्या संशोधनावर व्याख्यान असल्याचं कळतं तिथे, शक्य होईल तेव्हा, अकरावी-बारावीची मुलं घेऊन एसटीने जाते. घरच्यांची परवानगी, तिकिटाचे पैसे, बुडणारे तास, परतीच्या गाडीची वेळ, हे सगळं जुळवून ही मुलं तुमच्या सभागृहाच्या मागच्या रांगेत येऊन बसतात. पाठ्यपुस्तकात जे छापून झालेलं आहे ते मी त्यांना इथेही शिकवू शकते. जे अजून छापायचं आहे, ज्यावर माणसं आज भांडताहेत, ते ऐकायला आम्ही तुमच्याकडे येतो.

तुमची व्याख्यानमाला मी पत्रिकेवरच्या वेळेप्रमाणेही पाहिली आहे आणि घड्याळाप्रमाणेही. पत्रिकेत व्याख्यान अकराला असतं. अकराला बॅनर सरळ करण्याचं काम चालू असतं. मग अध्यक्षांची वाट. मग दीपप्रज्वलन, समई विझते म्हणून पंखे बंद. स्वागतगीत. शाल, श्रीफळ, रोपटं. ज्यांनी शाल दिली त्यांना दुसऱ्या कोणाकडून शाल. प्रास्ताविकात विभागाची स्थापना, माजी विभागप्रमुखांची नावं, आलेली अनुदानं. मग वक्त्यांचा परिचय: शोधनिबंध किती, एच-इंडेक्स किती, कोणकोणत्या देशांत जाऊन आले, कोणत्या समित्यांवर आहेत. हा माणूस गेली अनेक वर्षं कोणत्या कोड्याशी झुंजतो आहे, ते मात्र त्या परिचयात एका वाक्यानेही येत नाही. परिचय वाचणाऱ्याला ते माहीतच नसतं. वक्ता उठतो तेव्हा निम्मा वेळ गेलेला असतो, तो स्लाइड पळवत सुटतो, आणि शेवटी तुम्हाला कार्यक्रम कापायची वेळ येते. शाल कापता येत नाही, अध्यक्षीय समारोप कापता येत नाही, सामूहिक फोटो तर नाहीच नाही. कापण्याजोगी एकच गोष्ट तुम्हाला दरवेळी सापडते, आणि ज्या गोष्टीसाठी सेमिनार नावाचा प्रकार जन्माला आला ती नेमकी हीच.

ज्या दिवशी माझा संयम संपला त्या दिवशीचं व्याख्यान गुरुत्वीय लहरींवर होतं. वक्ते उत्तम होते. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या टोकांना आरसे, लेसरचा किरण, आणि लहर जाताना त्या लांबीत होणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पटींनी लहान. हे ऐकताना माझ्या शेजारी बसलेल्या पाटणसावंगीकडच्या मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहिला: ‘आमच्या घराजवळून मालगाडी गेली तरी मांडणीवरची भांडी वाजतात. मग त्या आरशांना आजूबाजूच्या गाड्यांचा धक्का कसा लागत नाही?’

महोदय, हा प्रश्न नीट वाचा. तो दगडी कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या, खाणींच्या आणि खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या परिसरात वाढलेल्या मुलीचा प्रश्न आहे, आणि तो त्या सगळ्या प्रयोगाच्या मर्मावर बोट ठेवतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या यंत्रातला प्रत्येक मुख्य आरसा सुमारे चाळीस किलोचा आहे. तो काचेच्या बारीक तंतूंनी टांगलेला असतो, आणि तोही एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लोलकाच्या शेवटच्या टप्प्यात. दोरीला बांधलेलं कुलूप हातात धरून हात फार झपाट्याने मागेपुढे हलवला तर खालचं कुलूप जवळजवळ जागच्या जागी राहतं, हे कोणालाही करून पाहता येतं. लोलकाच्या स्वतःच्या वारंवारतेपेक्षा धक्का पुष्कळ जलद असेल तर तो खाली पोहोचेपर्यंत विरून जातो, आणि प्रत्येक टप्प्यागणिक आणखी विरतो. दोलनांचा हा धडा आम्ही बारावीला शिकवतो. त्या लोलकांच्या वर जमिनीचा कंप मोजून उलट दिशेने हलणारे मंचही असतात. एवढं करूनही दहा हर्ट्झच्या खालचा गोंधळ पुरता जात नाही, म्हणून त्या पट्ट्यातल्या लहरी आजच्या यंत्रांना ऐकू येत नाहीत. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन इथल्या यंत्राला तर आजूबाजूच्या लाकूडतोडीचा आणि आगगाड्यांचा खरोखरच त्रास झाला.

म्हणून यंत्रं दोन ठेवली, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर. एका ठिकाणी ट्रक गेला तर दुसऱ्या ठिकाणी त्याचा पत्ता नसतो. १४ सप्टेंबर २०१५ ला जी पहिली लहर सापडली ती आधी लिव्हिंग्स्टनला आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डच्या दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचली. त्या फरकावरून ती कुठल्या बाजूने आली याचा अंदाज बांधता आला, पण ढोबळच. दिशा नेमकी सांगायची तर दूरवर आणखी यंत्रं लागतात. त्यांतलं एक आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. केंद्र सरकारने त्यासाठी २६०० कोटी रुपये २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजूर केले. ती जागा निवडताना तिथली जमीन किती शांत आहे हे आधी पाहावं लागलं. म्हणजे मांडणीवरच्या भांड्यांपासून निघालेला प्रश्न सरळ औंढ्यापर्यंत जातो. हे सगळं तो वक्ता पाच मिनिटांत सांगू शकला असता, आणि मला खात्री आहे, आनंदाने सांगितलं असतं.

तुम्ही ती पाच मिनिटं दिली नाहीत. नंतर ती वही घेऊन दाराशी उभी राहिली तर तुमच्या स्वयंसेवकाने तिला बाजूला केलं, कारण पाहुण्यांना जेवायला उशीर होत होता. मोबाइलवर फीडबॅक फॉर्म आला. त्यात आसनव्यवस्था, ध्वनिव्यवस्था आणि अल्पोपाहार यांना गुण द्यायचे होते. प्रश्न लिहायला त्यात जागा नव्हती. फॉर्म भरल्यावर प्रमाणपत्र मात्र लगेच आलं.

एसटीत ती मला म्हणाली, ‘मॅडम, मी दोनदा हात वर केला व्हता. त्यांना दिसला नसन.’ तिने तुमची बाजू घेतली. मी काही बोलले नाही. पण मी तुमच्याकडेच बघत होते, महोदय. तुम्हाला तो हात दिसला होता. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलंत, आणि मग ते वाक्य म्हणालात.

तुमच्या विभागात श्रोडिंगरचं समीकरण शिकवलं जातं. पदवीच्या मुलांना ते पाठ असतं, पेपरात ते येतंच येतं. ते जगात कसं आलं हे तुमच्या मुलांना कोणी सांगितलं आहे का? १९२५ च्या अखेरीस झुरिकमध्ये दोन संस्थांतले भौतिकशास्त्रज्ञ मिळून एक सेमिनार चालवत होते. पीटर डिबाय यांनी श्रोडिंगरना सांगितलं की सध्या तुमचं फारसं महत्त्वाचं काही चाललेलं नाही, तर त्या द ब्रॉयलीच्या, कणांना लहरी जोडणाऱ्या, प्रबंधाबद्दल एकदा बोला. श्रोडिंगर बोलले, छान बोलले. ते संपल्यावर डिबाय म्हणाले, हे असं बोलणं पोरकट वाटतं. लहरींबद्दल नीट बोलायचं तर लहरींचं समीकरण हवं. काही आठवड्यांनी श्रोडिंगर पुन्हा त्याच सेमिनारमध्ये उभे राहिले आणि म्हणाले की डिबाय यांनी समीकरण हवं म्हटलं होतं, ते मला सापडलं आहे. १९२६ च्या सुरुवातीला ते छापलं गेलं.

ही हकीकत आपल्याला कळली ती फेलिक्स ब्लॉख यांच्यामुळे. ते तेव्हा तिथे विद्यार्थी म्हणून बसले होते. त्यांना स्वतःला पुढे १९५२ मध्ये नोबेल मिळालं, आणि ही आठवण त्यांनी पन्नास वर्षांनी लिहिली. त्यांनीच असंही नोंदवलं आहे की पुढे डिबाय यांना याची आठवण करून दिली तेव्हा आपल्याला ते आठवत नाही असं ते म्हणाले. विचारणारा विसरून गेला, इतका तो प्रश्न त्या खोलीत रोजचा होता. त्या दिवशी झुरिकला तुम्ही समन्वयक असता तर व्याख्यानानंतर श्रोडिंगरना शाल मिळाली असती, डिबाय यांना जेवणाचं कूपन मिळालं असतं, आणि जगाला ते समीकरण मिळायला किती उशीर झाला असता कोण जाणे.

माईक ज्याच्या हातात असतो त्याने बोलणं तोडलं की काय होतं, याचाही दाखला आहे, आणि तो आपल्या देशातल्या माणसाचा आहे. ११ जानेवारी १९३५. लंडनमध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची सभा. चोवीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आपलं काम मांडतात: सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जड झालेला मृत तारा श्वेतबटू म्हणून टिकूच शकत नाही. या गणिताची सुरुवात त्यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर केली होती. त्यांच्यानंतर त्या काळचे सगळ्यांत वजनदार खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन उठतात आणि त्या निष्कर्षाची चेष्टा करतात. सभागृह हसतं. चंद्रशेखर उत्तर द्यायला थांबलेले असतात. अध्यक्ष त्यांना बोलू देत नाहीत आणि पुढच्या वक्त्याला बोलावतात.

एडिंग्टन चुकले होते. चंद्रशेखर बरोबर होते. पण त्या कोसळणाऱ्या ताऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना आपण आज कृष्णविवरं म्हणतो त्यांच्याकडे, गंभीरपणे पाहायला खगोलशास्त्राला पुढची कित्येक वर्षं लागली. चंद्रशेखरांनी तो विषय बाजूला ठेवला, इंग्लंड सोडलं, अमेरिकेत गेले. नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये. एडिंग्टनच्या अहंकाराबद्दल पुस्तकं लिहिली गेली आहेत. मला त्या अध्यक्षांचा राग जास्त येतो. एडिंग्टनना निदान एक मत होतं, चुकीचं का होईना. अध्यक्षांकडे फक्त पुढचा क्रमांक होता.

मोठ्यांच्या गोष्टी सांगून लहान सभागृहाला लाजवू नका, असं तुम्ही म्हणाल. तर लहान खोल्यांबद्दलच बोलू. नेदरलँड्समधल्या लायडन या छोट्या गावात पॉल एरेनफेस्ट बुधवारी संध्याकाळी सेमिनार घेत. वक्ता कितीही मोठा असो, एरेनफेस्ट त्याला मध्येच थांबवून अगदी साधे प्रश्न विचारत, आणि उत्तर स्वच्छ होईपर्यंत पुढे जाऊ देत नसत. बोलून गेलेल्यांनी भिंतीवर सह्या केल्या. आइनस्टाइनची सही त्या भिंतीवर आहे. मॉस्कोत लांदाउच्या गुरुवारच्या सेमिनारला जायचं तर प्रश्नांचा मारा झेलायची तयारी लागे. आपल्याच मुंबईत टीआयएफआरमध्ये बुधवारचं कलोक्वियम भाभांच्या काळापासून चालत आलं आहे. यांतल्या कुठल्याही जागेची आठवण तिथल्या पुष्पगुच्छासाठी कोणी काढत नाही.

‘मुलं प्रश्नच विचारत नाहीत’, ही तुमची आवडती तक्रार मी तुमच्या तोंडून चहाच्या टेबलाशी ऐकली आहे. पहिल्या व्याख्यानाला या आणि मागे उभे राहून बघा. हात वर असतात. दुसऱ्याला कमी होतात. तिसऱ्यापर्यंत मुलं शिकलेली असतात की इथे हात वर करायचा नसतो. ती फार लवकर शिकतात. आपण शिकवतो म्हणून शिकतात. आणि त्यांनी पाहायचं तरी कोणाकडे? पहिल्या रांगेत तुमचे सहकारी बसतात, त्यातले निम्मे मोबाइल बघत असतात. एखादे ज्येष्ठ प्राध्यापक उठून वक्त्याला म्हणाले आहेत की ‘तुमची चौथी स्लाइड मला कळली नाही, पुन्हा सांगा’, असं तुमच्या विभागात किती मुलांनी पाहिलं आहे? कळलं नाही म्हणण्याची लाज मुलांनी घरून आणलेली नाही. ती पहिल्या रांगेतून मागे सरकत आली आहे.

मग इंग्रजी. एका बारावीतल्या मुलाने धीर करून मराठीत विचारायला सुरुवात केली तर सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ‘इन इंग्लिश प्लीज’ म्हटलं. वक्ते स्वतः मराठी होते. तो मुलगा खाली बसला. त्याच्याजवळ प्रश्न होता, कारण होतं, आकडेसुद्धा होते, नव्हतं ते फक्त पाठ केलेलं एक वाक्य. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला येत, तेव्हा ते सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. मुलं पाठवत, ते उत्तरं देत. ज्या माणसाने हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, ज्याने पुण्यात आयुका उभी केली, त्याला शाळकरी मुलाच्या पोस्टकार्डासाठी वेळ मिळत होता. २० मे २०२५ ला ते गेले. तुमच्या विभागाने त्यांना श्रद्धांजली वाहिली, त्याचाही फोटो मी पाहिला. महोदय, त्यांना श्रद्धांजली वाहायची होती तर त्या दिवशी त्या मुलाला मराठीत बोलू द्यायचं होतं.

आणि नॅकचं मूल्यांकन. तुमच्याशी दोन मिनिटं बोललं की नॅक येतंच. अहवाल, हजेरीपट, जिओ-टॅग केलेले फोटो, फीडबॅकची आकडेवारी, हे सगळं फाइलला लागतं, मला माहीत आहे. आमच्याकडेही फाइल असते. पण नॅकच्या कुठल्या निकषात लिहिलं आहे की प्रश्न विचारू देऊ नका? विचारलेले प्रश्न त्याच अहवालात छापले तर फाइल हलकी होणार आहे का? खरं कारण वेगळं आहे. २०१० च्या नियमांपासून शिक्षकाच्या बढतीला गुणांचा हिशेब लागला, आणि तेव्हापासून भाषण द्यायला गुण, चर्चासत्र भरवायला गुण, शोधनिबंध छापायला गुण. आपण सगळे मोजता येईल ते करायला लागलो. त्या मोजणीपायी कसली कसली नियतकालिकं उगवली हे २०१८ मध्ये दिसलं: विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. व्याख्यानमालांची अशी यादी कोणी तपासलेली नाही. तपासली तर तुमची टिकेल का, याचा तुम्ही रात्री एकदा विचार करा.

तुमच्यावर मी एवढी चिडते त्याचं कारण सांगते. आमच्या भागाला विज्ञानाचं वावडं कधीच नव्हतं. चंद्रशेखर वेंकट रामन सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला होते तेव्हा त्यांची बदली काही काळ नागपूरला झाली होती. ते दिवसा हिशेब तपासत आणि उरलेल्या वेळात ध्वनी आणि कंपनांवर काम करत. २८ फेब्रुवारी १९२८ च्या त्यांच्या शोधाच्या नावाने तुम्ही दरवर्षी विज्ञान दिन साजरा करता. नागपूर विद्यापीठात प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर, म्हणजे एलईडीपासून किरणोत्साराच्या मोजमापापर्यंत उपयोगी पडणाऱ्या फॉस्फरवर, अनेक दशकं काम झालं. २०२३ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान परिषदेचं १०८ वं अधिवेशन नागपूरला भरलं तेव्हा शाळांच्या बसगाड्या भरभरून आल्या. उरलेल्या महाराष्ट्रातही तेच: अभय अष्टेकर धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मले, आणि १९८६ मध्ये त्यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांना जे नवं रूप दिलं त्यावर पुंज गुरुत्वाकर्षणाची एक आख्खी शाखा उभी आहे. संजीव धुरंधर पुण्यात बसून गोंगाटातून गुरुत्वीय लहरीची खूण शोधण्याची गणितं मांडत होते, तेव्हा लायगोची इमारतही उभी नव्हती. केंद्राने २०२३ मध्येच राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सहा हजार कोटींहून अधिक रक्कम ठेवली. पैसा आहे, यंत्रं येताहेत, आणि आज अकरावीत असलेली मुलं ती यंत्रं चालू होतील तेव्हा ऐन उमेदीच्या वयात असतील.

त्या मुलांच्या आणि त्या यंत्रांच्या मध्ये तुम्ही माईक घेऊन उभे आहात.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. वक्त्याला चाळीस मिनिटं द्या आणि प्रश्नांना वीस, आणि ही वीस पत्रिकेवर छापा म्हणजे कोणाला खाता येणार नाहीत. सत्कार करायचाच तर जेवणाच्या टेबलाशी करा, तिथे वेळ असतो. पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे, मग प्राध्यापकांचे. प्रश्न ज्या भाषेत सुचला त्या भाषेत. वक्ता मराठी नसेल तर तुम्ही उभे राहून भाषांतर करा; हे काम समन्वयकाला शोभेल. वर्षातून एकदा मोठा मंडप घालण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी वर्गखोलीत बसा, विभागातल्याच एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला नवा शोधनिबंध वाचून दाखवायला सांगा. त्याला बॅनर लागत नाही, खडू लागतो. आणि परगावची मुलं येणार असतील तर शेवटच्या बसची वेळ आधी विचारून घ्या.

सोबत आमच्या मुलांचे प्रश्न पाठवते आहे. ते त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचवायची जबाबदारी तुमची.

खापरखेड्याच्या एका मुलाला विचारायचं आहे की राखडीच्या विटांचं घर त्याच्या काकांनी बांधलं, कोळशात थोडं युरेनियम आणि थोरियम असतं असं त्याने वाचलं, तर कोळसा जळून गेल्यावर ते राखेत साठतं का, आणि घरात बसून ते मोजायचं कसं. दुसऱ्याला २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीचं पडलं आहे. नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तो विचारतो, खरी विक्रमी गरमी आणि बिघडलेला सेन्सर यांतला फरक आकड्यांवरून ओळखायचा कसा? आणि खरंच एखाद्या दिवशी तेवढं तापमान झालं, तर ते आपण चूक समजून टाकून देणार नाही हे कशावरून?

पाटणसावंगीच्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, मला येत होतं तेवढं. लोलक समजावला, कुलूप टांगून दाखवलं. ती आठवडाभर गप्प होती. मग एका दुपारी प्रयोगशाळेत येऊन म्हणाली, ‘मॅडम, गाडीचा धक्का अडवला, समजलं. पण गाडीला वजन हाये ना? तिचं गुरुत्वाकर्षण तर आरशाला ओढनच. ते कशानं अडवता?’

ते कशानेच अडवता येत नाही, महोदय. गुरुत्वाकर्षणाला आडोसा नाही. जमिनीतून जाणाऱ्या कंपांमुळे मातीची घनता क्षणोक्षणी बदलते, तिच्याबरोबर तिचं आकर्षणही बदलतं, आणि ते आरशाला थेट ओढतं. आजूबाजूला कंपमापकांचं जाळं पसरून ते ओढणं किती हे गणिताने काढायचं आणि वजा करायचं, एवढाच उपाय आहे. पुढच्या पिढीचं आइनस्टाइन टेलिस्कोप जमिनीखाली खोल न्यायचं ठरतं आहे त्याच्या कारणांपैकी हे एक आहे. जगभरातली माणसं आज यावर काम करताहेत. तिने ते कुठेही वाचलेलं नव्हतं. तिला हे उत्तर माझ्याकडून दुय्यम हाताने मिळण्यापेक्षा ते काम करणाऱ्या माणसाकडून मिळावं अशी माझी इच्छा आहे. तुमच्या त्या वक्त्यांचा पत्ता तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. त्यांना तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत पाठवा. पुढच्या व्याख्यानाला आम्ही येतो आहोत आणि ती पहिल्या रांगेत बसेल, तेवढी खुर्ची मोकळी ठेवावी.

कळावे,
सावनेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातली भौतिकशास्त्राची शिक्षिका